चोथा म्हणजे झाडू नाही हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत फायबरवर लेख आला होता, चांगला होता, पण फायबर पचत नाही आणि ते झाडूसारखं आतडं साफ करत बाहेर पडतं, एवढंच सांगून लेखकांनी विषय संपवला. आपल्याला पचत नाही हे खरं, पण मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया त्याच चोथ्याची वाट बघत बसलेले असतात, त्यांचं काय?

गंमत म्हणजे स्टार्च आणि चोथ्यातलं सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजच्याच माळा. फरक फक्त मणी कसे ओवलेत त्याचा. स्टार्चमधला जोड आपल्या लाळेतलं एन्झाइमही तोडतं, सेल्युलोजचा जोड आपल्याला अजिबात तुटत नाही. कर्बोदकं पचवायला माणसाकडे स्वतःची जेमतेम 17 एन्झाइम्स, आणि आतड्यातला एक बॅक्टेरिया आहे, बॅक्टेरॉइडिस थीटायोटाओमायक्रॉन (नाव एका दमात म्हणून दाखवा!), त्याचा जीनोम (म्हणजे सगळी जनुकीय माहिती) 2003 मध्ये वाचला गेला, त्याच्याकडे असली अडीचशेच्या वर निघाली. म्हणजे कात्र्यांचं दुकानच.

पण खरी अडचण पुढेच आहे. बॅक्टेरियाला तोंड नाही आणि आपल्या पचनातून सुटून खाली आलेल्या स्टार्चचा रेणू एवढा मोठा की आख्खा आत जाणारच नाही, मग बाहेरच तोडायला लागतो, आणि बाहेर तोडला की साखर सुटून शेजाऱ्याच्या पोटात, कष्ट याचे आणि जेवण त्याचं. यावर या पठ्ठ्याने काढलेला तोडगा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अबिगेल सॅलियर्स यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात वर्षानुवर्षं खपून उलगडला. याच्या अंगावर बाहेरच्या बाजूने काही प्रोटीन्स असतात, ती स्टार्चला धरून ठेवतात, त्यातलंच एक त्याचे मोठे मोठे तुकडे करतं, आणि तुकडे लगेच आत ओढायला खाली भोक तयार. त्या भोकावर झाकण पण आहे, पायाने उघडायच्या कचऱ्याच्या डब्यासारखं, तुकडा आला की झाकण मिटतं आणि माल आत. सुटी साखर करायचं बारीक काम आत गेल्यावर, म्हणजे शेजाऱ्याला फार काही मिळत नाही. आणि ही सगळी यंत्रणा कायम जोरात चालू नसते, स्टार्चचे तुकडे आल्याची चाहूल लागली की मगच जीन्स कामाला लागतात, उगाच खर्च नाही. वेगवेगळ्या कर्बोदकांसाठी असे वेगवेगळे सेट याच्याकडे डझनावारी आहेत.

आता साखर आत गेली तरी तिथे ऑक्सिजन नाही, त्यामुळे ती पूर्ण जळत नाही, आंबते. त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपियोनेट असली छोटी आम्लं बाहेर टाकली जातात, आणि त्यातलं अ‍ॅसिटेट उचलून दुसरे बॅक्टेरिया ब्युटिरेट बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी बहुतेक ऊर्जा या ब्युटिरेटमधूनच मिळवतात, म्हणजे ज्याला आपण झाडू म्हणतो त्यावर आपल्याच पेशी जगतात, फक्त मध्ये दोन-तीन हात फिरून! गॅस होतो तो पण याच कारखान्याचा, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

झाडूची उपमा पूर्ण चूक आहे असं नाही म्हणणार, घट्ट रचलेलं सेल्युलोज बरंचसं तसंच बाहेर पडतं आणि लिग्निन (लाकडाला कडक करणारा पदार्थ) तर कर्बोदक पण नाही. पण बाकीच्या फायबरचं काय होतं ते पुढच्या लेखात यावं ही विनंती. आणि फायबर आलंच नाही तर काय होतं ते पण लिहा, कारण हे बॅक्टेरिया उपाशी बसत नाहीत, आतड्याच्या अस्तरावरचा जो चिकट थर असतो ना त्यातही साखरेच्या साखळ्या असतात, मग ते तोच कुरतडायला लागतात. उंदरांवरच्या 2016 च्या प्रयोगात तो थर पातळ झालेला दिसला होता.

आपला,
एक नेहमीचा वाचक