सुनंदाचा रिपोर्ट

अंबाजोगाई

चि. गजानन यास आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तू भरल्या ताटावरून उठून गेलास. फोनवर बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. सुनंदाच्या रिपोर्टचं आता काढणार नाही.

तू सांगितलेला गोर्बाचेव्हवरचा माहितीपट काल पाहिला. थकलेला म्हातारा, कॅमेऱ्यासमोर बसून आयुष्यभराचा हिशोब देतो. शेतकऱ्याचं पोर रे! कोवळ्या वयात बापाबरोबर हार्वेस्टरवर राबून सरकारी पदक मिळवलेलं. १९८५ ला सोव्हिएत रशियाची सूत्रं हाती आली, १९८७ ला रेगनशी करार करून क्षेपणास्त्रं मोडीत काढली, १९९० ला शांततेचं नोबेल. आणि २५ डिसेंबर १९९१ ला टीव्हीवर राजीनामा. अण्णा त्या बातम्या रेडिओला कान लावून ऐकत होते. तू त्यांच्या मांडीवर, तापानं फणफणलेला. बातम्या तशाच सोडून त्यांनी तुला उचललं नि दवाखाना गाठला.

बाहेरचं जग त्याला मानतं, त्याच्या देशात मात्र कितीतरी जण बोल लावतात. तुझंही तसंच. टँकरच्या खेपांसकट गावाचा सगळा हिशोब तू फळ्यावर लावलास. चारचौघांत ताठ मानेनं सांगते मी हे. ज्यांच्या दारात पाणी आलं, तेच आज तुझ्याविरुद्ध सह्या करत फिरतात, म्हणून खचू नकोस.

पण गजा, ऑगस्ट १९९१ मध्ये त्याला क्रिमियातल्या बंगल्यात कोंडलं, त्याचा धसका घेतला तो त्याच्या बायकोनं, रायसानं. तब्येत तिची ढासळली. पुढे १९९९ ला रक्ताच्या कॅन्सरनं गेली. तिच्यामागं बावीस-तेवीस वर्षं काढली त्यानं.

दिवाळीत सुनंदा भाकरी थापता थापता भिंतीला टेकली. हाताला पीठ तसंच, ओठ पांढरेफटक. मला बघून लगेच उठली. धाकटी आत्यासुद्धा 'नुसता थकवा' म्हणायची. ग्रामसभा पुढं ढकलता येते रे. गावाचं करणाऱ्यानं आधी घरचं माणूस... बरं, राहू दे. रागावू नकोस. तुझी ओढाताण दिसते मला.

बुधवारी तिला सकाळच्या एसटीत बसवून दे. स्टँडवर मी येते, रामानंद तीर्थ दवाखान्यात मीच घेऊन जाईन. आधीचे कागद तेवढे आठवणीनं पिशवीत घाल. येसर कुटून ठेवलंय, परत येताना तिच्याबरोबर पाठवते.

तुझी आई