माऊसला हात न लावणाऱ्या दादांना

लॅबमधल्या दादांना,
स.न.वि.वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. एम.ए.च्या पहिल्या वर्षाची, खिडकीजवळच्या मशीनवर बसणारी, एकोणचाळीस वर्षांची ताई म्हटलं की तुम्ही ओळखाल.

मी २००५ साली एमएस-सीआयटी केलंय. सर्टिफिकेट अजून प्लॅस्टिकच्या फाइलीत आहे. त्यामुळे 'मला कॉम्प्युटर येत नाही' म्हणायचीही सोय नव्हती. येत होतं, पण धडकी भरायची. मूडलवर, म्हणजे ऑनलाइन अभ्यास आणि चाचण्यांच्या आमच्या साइटवर, पहिली चाचणी लागली, कोपऱ्यात वेळ उलटी पळायला लागली आणि मी एकच प्रश्न चार वेळा वाचला. हाताला इतका घाम की माऊस सटकत होता. केशवसुत तोंडपाठ होते हो! पण 'फिनिश अटेम्प्ट' दाबलं आणि पेपर गेला तर? या धास्तीने दाबलंच नाही. वेळ संपली, चाचणी आपोआप जमा झाली. वीसपैकी सहाच उत्तरं.

घरी लेकाला विचारावं तर तो "सरक ना आई" म्हणत माऊस घेतो, खटाखट चार क्लिक, "झालं!" काय झालं ते त्यालाच ठाऊक. वर्गातली पोरंही तशीच. सगळी प्रेमानेच करून द्यायची, आणि दर वेळी माझी भीती आणखी थोडी वाढायची.

तुम्ही मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलात. खरं सांगते, आधी रागच आला. "ताई, आज हे बिघडवून दाखवा," म्हणालात. माझ्या एकटीसाठी मूडलवर पाच प्रश्नांची लुटुपुटुची चाचणी केली होतीत. पहिला प्रश्न : आज डब्यात काय आहे?

'फिनिश अटेम्प्ट' दाबलं. पेपर गेलाच नाही! कुठला प्रश्न सोडवला, कुठला राहिला, याची यादी समोर आली. मागे जायचं बटणही होतं. मग 'सबमिट ऑल अँड फिनिश'. त्यावर पुन्हा विचारणा, नक्की ना? एवढं तर लग्नाच्या वेळीही मला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मधेच नेटची वायर काढायला लावलीत. मी ओरडलेच, "गेली उत्तरं!" वायर जोडली, पान पुन्हा उघडलं, तर उत्तरं जागच्या जागी. मूडल ती मधून मधून आपलं आपण साठवत असतं, हे तेव्हा कळलं. तुमचे हात अजून पाठीमागेच होते.

परवा वाचलं, की ही भीती मोजायला अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ सालीच १९ विधानांची मोजपट्टी केली होती. चुकीचं बटण दाबून सगळी माहिती उडवून टाकू की काय, ही धास्तीही त्यात आहे. म्हणजे मी मठ्ठ नव्हते. हे तुम्ही न वाचताच ओळखलंत, त्याचे आभार कसे मानू?

सत्र परीक्षा पार पडली, बरी गेली. पण एक तक्रार आहे. तुमच्या त्या चाचणीत मला अजून पाचपैकी चारच दिसतात. डब्यात मटकी होती. तुम्ही बरोबर उत्तर शेंगदाण्याची चटणी ठेवलंय. फेरतपासणी व्हावी, ही विनंती.

आपली,
खिडकीजवळची ताई