अवघड जागेचे दुखणे आणि सहा तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण ऐकून गेल्या डिसेंबरपर्यंत मीही हसत होतो.

माझा मुलगा १३ वर्षांचा. रात्री अडीचच्या सुमारास “पोट दुखतंय” म्हणत उठला, दोनदा उलटी झाली. आदल्या संध्याकाळी मित्राच्या वाढदिवसाला पावभाजी झाली होती, त्यामुळे निदान आम्हीच करून टाकले. माझ्या आईने बेंबीभोवती हिंग लावला, ओवा चावायला दिला. सकाळी साडेनऊला नेहमीचे डॉक्टर. त्यांनी शर्ट वर करून पोट दाबले, उलटीची गोळी आणि ओआरएसची पाकिटे लिहून दिली. पँट खाली करून पाहिले नाही. अर्थात मीही पाहिले नव्हते, तेव्हा एकट्या त्यांना कशाला बोल लावू?

दुपारी एकला तो भिंत धरून, पाय फाकवून बाथरूमकडे निघालेला दिसला. दार लावून घेऊन विचारले, तर मान खाली घालून म्हणाला, “बाबा, खाली दुखतंय. एक गोळी सुजलीये.” रात्रीच का नाही सांगितलेस? “आजी होती ना तिथे.”

जवळच्या रुग्णालयात ‘आधी सोनोग्राफी’ असे सांगण्यात आले. सोनोग्राफीचे डॉक्टर पाचला येणार होते. ‘एक ते चार बंद’ यावर आपण पुणेकर स्वतःच विनोद करतो. त्या दिवशी तो मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून भोगला. सोनोग्राफीत वृषणाकडे रक्तच जात नसल्याचे दिसले, मग दुसरे रुग्णालय, आणि शस्त्रक्रिया सुरू झाली तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. म्हणजे १७ तास. सर्जननी दोन पूर्ण वेढे सोडवले, कोमट सलाइनच्या कपड्यात गुंडाळून रंग परत येतो का याची वाट पाहिली. आला नाही. डावे वृषण काढावे लागले.

त्यांनी नंतर कागदावर चित्र काढून समजावले. वृषण रक्तवाहिन्यांच्या दोरीला टांगलेले असते. काही मुलांत आतली पकड जन्मतःच सैल असते, त्यामुळे ते घंटेच्या लोलकासारखे लोंबते आणि कधीतरी, बऱ्याचदा झोपेत, त्याला पीळ बसतो. ६ तासांच्या आत पीळ सोडवला तर बहुतेक वेळा वाचते, त्यानंतर शक्यता झपाट्याने घटते आणि दिवस उलटला की क्वचितच काही उरते. १२ ते १८ हे वय सर्वांत जोखमीचे. पण नवजात बाळांना आणि मोठ्या माणसांनाही हे होते. सैल पकड बहुधा दोन्हीकडे असते, म्हणून उजवे वृषणही त्याच वेळी टाके घालून पक्के केले. मुलगा नंतर सहज बोलून गेला की दिवाळीच्या सुट्टीत असेच अर्धा तास दुखून थांबले होते. तेव्हा पीळ बसून आपोआप सुटला असावा. तेव्हाच कळते तर टाक्यांवर भागले असते.

त्यांची तपासणी दोन मिनिटांची होती. मांडीच्या आतल्या बाजूने बोट ओढले की त्या बाजूचे वृषण वर सरकते. पीळ असेल तर बहुधा हलत नाही. शिवाय ते वर चढून आडवे, टणक झालेले होते. अशी स्पष्ट लक्षणे असली तर सोनोग्राफीसाठी खोळंबायचे नसते, थेट शस्त्रक्रिया करायची असते, हे त्यांनी सांगितले आणि माझ्या डोळ्यांसमोर ती खुर्ची आली.

तिथली प्रत्येक कळ पिळाचीच असते असे नाही. मोठ्या माणसांत अनेकदा संसर्ग असतो: दुखणे दिवस-दोन दिवसांत चढत जाते, लघवीला जळजळ होते, ताप येतो, आणि ते अँटिबायोटिकने बरे होते. लहान मुलांत वृषणाला चिकटलेल्या एका छोट्या अवशेषाला पीळ बसतो, तो विश्रांतीने निवतो. गालफुगीनंतर सूज येते, हर्निया अडकतो, मूतखड्याची कळही तिथवर उतरते. पण हा निवाडा घरी बसून किंवा फोनवर होत नाही. चेंडू लागल्यानंतर तासाभराने दुखणे कमी झाले नाही तर ‘मुका मार आहे’ म्हणून शेकत बसू नये.

निघण्यापूर्वी फोन करून विचारावे, सर्जन आणि भूलतज्ज्ञ आत्ता आहेत का? सोय नसेल तर १०८ आहे, ससूनचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. वाटेत मुलाला काही खायला-प्यायला देऊ नये, भूल द्यावी लागते. मी रिक्षात बसताना त्याला ओआरएस पाजले होते.

शाळांना एक विनंती. मुलींना पाळीची माहिती द्यायला वर्गात ताई येतात, ते उत्तमच आहे. त्या तासाला मुलांना मात्र मैदानावर सोडतात. तो तास सहावीपासून मुलांसाठीही वापरता येईल. माहिती द्यायला शाळेचे डॉक्टर किंवा पीटीचे सरही चालतील.

मुलगा आता बरा आहे. एका वृषणावर वाढीला किंवा पुढे मूल होण्याला सहसा अडचण येत नाही, असे सर्जननी सांगितले आहे. क्रिकेट खेळताना गार्ड मात्र सक्तीचा. परवा मित्र घरी आले होते, त्यांना त्याने सगळे सांगून टाकले. एकाने विचारले, “पण घरी सांगायचं कसं?” हा म्हणाला, “काहीही म्हण, फक्त पोट दुखतंय म्हणू नको.”

– एक पालक, सिंहगड रस्ता, पुणे
(मुलगा शाळेत जातो, कृपया नाव छापू नये.)