गाठ समजून सुई घालण्याआधी रक्तवाहिनी पाहा

संपादक महोदय,

दरवर्षी 17 मे रोजी न्यूरोफायब्रोमॅटोसिस (नसांवर गाठी येणारा जनुकीय आजार) जागृती दिनाला त्वचेवरचे तपकिरी डाग आणि गाठी यांविषयी बोलले जाते. या आजाराच्या पहिल्या प्रकारात (एनएफ-1) मुलांच्या रक्तवाहिन्याही बिघडू शकतात, हे मात्र पालकांपर्यंत क्वचितच पोहोचते.

17व्या गुणसूत्रावरील जनुकातल्या दोषामुळे पेशींच्या वाढीला आवर घालणारे प्रथिन कमी पडते. त्यामुळे धमनीची भिंत कुठे जाड होऊन वाट अरुंद होते, कुठे पातळ होऊन फुगते. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणारी धमनी तर कधी थेट शेजारच्या शिरांमध्ये उघडते. तिथले जोराचे रक्त शिरांत घुसते, शिरा तट्ट फुगतात आणि मज्जारज्जूवर व हाताच्या नसांवर दाब येतो. मान-खांदा दुखतो, हाताला मुंग्या येतात, पेन्सिलीची पकड सुटते, कानात नाडीच्या ठोक्याबरोबर घरघर ऐकू येते.

मूल आधीच गाठींच्या आजाराचे, म्हणून ‘गाठच असेल’ असे गृहीत धरले जाते. धोका इथेच आहे. एमआरआयच्या टी-2 नावाच्या प्रकारच्या चित्रांत अशी गाठ बहुधा पांढरी दिसते, वेगाने वाहणारे रक्त काळे. मणक्यालगत काळ्या, नागमोडी रेघा दिसत असतील तर तपासणीसाठी सुई घालू नये. रक्तस्राव आवरणार नाही. आधी मानेवर स्टेथोस्कोप ठेवून घरघर ऐकावी, मग एमआर अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा एमआरआय) आणि गरजेप्रमाणे जांघेतून नळी घालून डीएसए (औषधी रंग सोडून रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्रण) करावी. उपचारही बहुतेकदा याच वाटेने, कॉइल (धातूच्या बारीक तारेचे वेटोळे) किंवा फुग्याने धमनी-शिरेमधले छिद्र बंद करून होतो. धमनीच बंद करायची वेळ आली, तर दुसऱ्या बाजूची धमनी मेंदूला पुरेल का, हे आधी तपासावेच लागते. धमनीची भिंत नाजूक असल्याने नळीला वाट दाखवणारी तार फार जपून सरकवावी लागते.

असे दोष दुर्मीळ आहेत. सरसकट प्रत्येक मुलाचा एमआरआय करण्याची गरज नाही. पण पाठीच्या बाकाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आधी मणक्याचा एमआरआय हवाच.

आणखी एक साधी तपासणी वारंवार राहून जाते: बीपी. मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली तर ते वाढते. दर भेटीत, किमान वर्षातून एकदा, ते मोजून घ्या आणि कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) मुलाच्या दंडाच्या मापाचाच मागा. मोठ्यांच्या कफने आकडा खोटा कमी येतो.

– एक बालमेंदूविकारतज्ज्ञ, पुणे