मिस्त्री, तुमच्या ओळंब्यासाठी

आदरणीय मिस्त्री,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून लिहीत नाही. जुळे सोलापूरच्या आमच्या गल्लीत तुम्हाला सगळे नुसतं मिस्त्रीच म्हणतात. मीही तेच म्हणतो.

काल आर्द्रा संपलं. सकाळी उठल्या उठल्या बागेत गेलो आणि डिशच्या खांबाजवळ टांगलेल्या तुमच्या ओळंब्याचा, म्हणजे खांब सरळ आहे का ते दाखवणाऱ्या वजनाचा, दोरा बघितला. खांबापासून वर जेवढं अंतर, खाली तेवढंच. चार दिवस पावसाची झड होती, माती फुगून वर आली आहे, जास्वंदीचा वाफा एका बाजूनं उचलला गेला आहे. खांब मात्र जागचा हललेला नाही. तिथेच उभ्या उभ्या डोळे भरून आले. तोंडावर बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहितो आहे.

एवढा जीव का अडकला, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. इतरांनी विचारलं, तेही हसून. माझं आजोळ इंडी तालुक्यातलं. 1976 च्या मे महिन्यात मी दहा वर्षांचा होतो. गावच्या शाळेसमोर दहा फुटांची जाळीची छत्री उभी होती, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. अमेरिकेचा एटीएस-6 उपग्रह वर्षभरासाठी आपल्याकडे वळवला होता आणि देशातल्या 2,400 खेड्यांत असे टीव्ही बसवले होते. संध्याकाळी अख्खं गाव जमिनीवर बसायचं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी पडद्याकडे कमी आणि त्या छत्रीकडे जास्त बघायचो. आकाशातली गोष्ट या जाळीत येते कशी, हा प्रश्न तेव्हा पडला तो आजवर सुटला नाही. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं ते त्या प्रश्नाच्या जोरावर. निवृत्तीच्या पैशातून सहा फुटी डिश आणि ती फिरवणारी मोटर घेतली, ती त्याच ओढीनं.

फिरणाऱ्या डिशचं सगळं गणित खांबावर असतं. टीव्हीचे हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर एका ओळीत आहेत. आपलं सोलापूर साडेसतरा अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर, म्हणून आपल्याला ती ओळ दक्षिणेकडे कमानीसारखी दिसते. मधली जागा जवळपास डोक्यावर, दोन्ही टोकं खाली उतरलेली. 76.5 अंश पूर्व रेखांशावरचा ॲपस्टार-7 उपग्रह आपल्या जवळजवळ नेमका दक्षिणेला. 105.5 वरच्या एशियासॅट-7 कडे जायचं तर डिशनं पूर्वेला बरंच वळायचं. खांब ओळंब्यात असेल तर एकच मोटर सगळी कमान गाठते. खांब दोन अंश कलला तर मधले उपग्रह सापडतात आणि टोकाचे हातचे जातात. मग कितीही नट फिरवा, उपयोग नाही.

तुमच्या आधी तिघे येऊन गेले. पहिल्यानं हातभर खड्डा घेतला, पाइप रोवला, वर सिमेंट ओतलं आणि ‘सर, हत्ती बांधा’ म्हणून सगळे पैसे घेऊन गेला. एप्रिलमध्ये काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि खांब सिमेंटच्या गोळ्यासकट पूर्वेला झुकला. सोळा वेळा फोन केला, एकदाही उचलला नाही. दुसऱ्यानं तीन बाजूंनी तारेचे ताण दिले. पावसात माती फुगली, ताण सैल पडले, त्यातल्या एकात पाय अडकून आई पडता पडता वाचली. तिसरा तर खड्ड्याकडे बघितल्यासारखं करून म्हणाला, घरात साधी छत्री लावा की सर, या वयात कशाला हा नाद. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. काम येत नसेल तर नाही म्हणावं. दुसऱ्याच्या आवडीला नाद म्हणायचा हक्क कुणी दिला?

तुम्ही आलात ते आमच्या शेजाऱ्यांचं कुंपण बांधायला. मी भिंतीपलीकडून विचारलं, तर हातातली थापी खाली ठेवून आलात. खांबाला हातसुद्धा लावला नाहीत. मातीचं ढेकूळ उचललंत, चुरगाळलंत आणि म्हणालात, ‘काळं रान हाय सर. हितं वर काय बी बांधा, ते हालतंयच. मुरूम लागस्तवर खाली जायला पायजे.’ मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात, तुम्ही आणि तुमचा मुलगा साडेचार फूट खाली गेलात. तांबूस मुरूम लागला तेव्हा पहार आपटल्याचा आवाज बदलला, आणि तुम्ही वर बघून नुसती मान हलवलीत. बाकी बांधकामाचं सांगत बसत नाही. खड्डा तळाशी रुंद ठेवलात, भोवतीची काळी माती उचलून मुरूम भरलात, गोणपाट ओलं राहावं म्हणून दोन आठवडे रोज निरोप धाडलात. खांब बोल्टवर असा बसवलात की खालवर नट फिरवून पुढंमागं सावरता येईल.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

शेवटच्या दिवशी मजुरी घेतलीत, चहा घेतलात, फाटकापर्यंत गेलात आणि परत आलात. पिशवीतून ओळंबा काढलात. पितळी, घासून घासून गुळगुळीत झालेला, वरच्या कड्याला काळी दोरी. डिशच्या खालच्या कड्याला बांधलात, वारा लागू नये म्हणून वजन पाण्याच्या डब्यात सोडलंत. मला वाटलं, शेवटचं बघताय. तुम्ही म्हणालात, ‘राहू दे हितंच. मृग, आर्द्रा होऊन जाऊ दे. रोज सकाळी बघत जावा. दोरा खांबाला जवळ आला तर मला सांगा, मी येतो.’

मी म्हटलं, तुम्हाला लागेल की. तुम्ही म्हणालात, माझं चालतंय.

ते कसं चालतंय, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. होटगी रोडला तुमचं काम चालू होतं, मी स्कूटरवरून जात होतो. तुम्ही परांचीवर उभे होतात आणि हातात सुतळी होती. सुतळीच्या टोकाला एक मोठा लोखंडी नट. गवंड्याचा ओळंबा म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. नंतर तुमच्या मुलाकडून समजलं की तो तुमच्या वडिलांचा. तुम्ही तो माझ्या बागेत ठेवलात, एका मास्तराच्या डिशसाठी, आणि स्वतः नट बांधून भिंती उभ्या करत राहिलात. मी स्कूटर थांबवली नाही. थांबवली असती तर रस्त्यातच काहीतरी बोलून बसलो असतो.

संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघतात तेव्हा काठी जरा कलली की बघणाऱ्या सगळ्यांचा श्वास अडकतो. पेलणाऱ्याच्या आजूबाजूला माणसं असतात, काठी कलली तर सावरायला. मिरवणुकीनंतर त्यांची नावं कुणी विचारत नाही. या गावात अशी माणसं खूप आहेत. कोणी पुलाखाली पाण्याचा माठ भरतो, कोणी शेजारच्या म्हातारीची रेशनची पिशवी आणून देतो. मला तिघांनी फसवलं म्हणून गाव वाईट झालं असं मी काही दिवस बोलत होतो. आता बोलत नाही.

आईला आता नीट दिसत नाही. पण परवा संध्याकाळी मी डिश पूर्वेच्या टोकाकडे फिरवली, मोटरचा घरघर आवाज आला, तेव्हा ती खाटेवरून म्हणाली, ‘शाळेपुढची छत्री आठवती का रे?’

ओळंबा पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवला आहे. दोरी तीच आहे, बदललेली नाही. तुम्ही अजून डिश फिरताना बघितलेली नाही. रविवारी मुलाला आणि वहिनींना घेऊन जेवायला या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे. अंधार पडायच्या आत आलात तर ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून दाखवतो.

तुमचा,
बागेतला डिशवाला मास्तर