सानिकाला पत्र : कपड्यांच्या मापाबद्दल

सोलापूर

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस, "आई, मला कुठलाच कपडा धड बसत नाही गं, माझी फिगरच बेकार आहे." लगेच तुझी मीटिंग लागली आणि तू फोन ठेवलास. ते वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. लांबलचक पत्र वाचायचा तुला कंटाळा येतो, ठाऊक आहे मला. पण हा माझ्या कामातला विषय आहे. दिवसभर आयटीआयमध्ये पोरींना ड्रेस मेकिंग शिकवते, संध्याकाळी घरी ब्लाउज शिवते. कपडा का बसत नाही, एवढं तरी मला नक्की सांगता येतं.

दिवाळीला आलीस तेव्हा कपाटात ठेवून गेलेली पिशवी काल काढली. आत तीन जीन्स निघाल्या, तिन्हींवर 28 नंबर आणि तिन्हींचे टॅग अजून तसेच. पलंगावर सपाट टाकून टेपने मोजल्या. एकीची कंबर साडेअठ्ठावीस इंच भरली, दुसरीची तीस, तिसरीची जवळजवळ एकतीस. नंबर एकच! तिसरी घालून आरशासमोर उभी राहिली असतीस तर म्हणाली असतीस, बारीक झाले. पहिली घातलीस आणि म्हणालीस, फिगर बेकार. कंबर तर तीच होती ना?

हे आकडे आले कुठून, ते मी वर्गात दरवर्षी सांगते. अमेरिकेच्या शेती खात्याने 1939-40 मध्ये जवळपास पंधरा हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची 59. ती गोऱ्या बायकांचीच होती. बाकीच्यांची मापं घेतली गेली तरी हिशेबात धरली नाहीत. त्या आकडेवारीच्या आधाराने 1958 साली तिथे बायकांच्या तयार कपड्यांसाठी सरकारी प्रमाण ठरलं. त्यात 8 नंबर म्हणजे छाती 31 इंच आणि कंबर साडेतेवीस इंच. कंपन्यांना ते पाळायची सक्ती नव्हती आणि 1983 साली ते रद्दच झालं. तोवर कंपन्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती : कपडा तोच ठेवून नंबर लहान लिहिला की बाई खूश होते आणि घेते. 32 इंच छातीच्या बाईला तिथे 1937 च्या कॅटलॉगमध्ये 14 नंबर लागायचा, 1967 मध्ये 8, आणि 2011 पर्यंत शून्य. बाईत काही फरक नव्हता. टॅगवरचा आकडा तेवढा उतरत गेला.

आपल्याकडच्या मोठ्या ब्रँडांनी पुष्कळ वर्षं अमेरिका-इंग्लंडच्या साइजमध्येच थोडा फेरफार करून काम भागवलं. भारतीय अंगाची मापं नीट घ्यायचं काम निफ्टने, म्हणजे फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने, अलीकडे हाती घेतलं. सहा शहरांतल्या 25 हजारांवर लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायचा तो प्रकल्प. म्हणजे तू ज्या एम आणि एलवरून स्वतःला नावं ठेवतेस, ते अक्षर ठरवताना तुझ्यासारखी सोलापूरची मुलगी कुणाच्या डोळ्यासमोर नव्हती.

आपल्या गावात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने आहेत, माझ्या कितीतरी विद्यार्थिनी तिथे मशिनवर आहेत. तिथे शर्टाचा नंबर म्हणजे निव्वळ इंच. बावीस, चोवीस, सव्वीस, असा दोन-दोनने चढत जातो. चौतीस नंबर लागला म्हणून पोरगं रडलेलं मी तरी पाहिलं नाही, कारण तो आकडा चांगलं-वाईट काहीच सांगत नाही, फक्त कापड किती लागेल ते सांगतो. आणि तुझ्या आजीच्या नऊवारी इरकलीला तर साइजच नव्हती. लग्नातली इरकल ती बाळंतपणं झाल्यावरही नेसली आणि म्हातारपणी अंग वाळल्यावरही नेसली. निऱ्या कमी-जास्त व्हायच्या, एवढंच.

ब्लाउज शिवताना मी बाजूच्या शिलाईत आत चांगली दीड इंच माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवते. बाईचं अंग बदलणार हे धरूनच आम्ही कापतो. बाळंतपण होईल, आजारपण येईल, थायरॉइडने वजन वाढेल. आली की उसवून एक टीप बाहेर सरकवायची. कारखान्यात मात्र हजारो नगांवर अर्धा अर्धा इंच कापड वाचवायचं असतं, त्यामुळे तयार कपड्यात माया नावालाच असते. तो सैल करता येत नाही. मग पर्याय दोनच उरतात : नवा घ्या, नाहीतर तुम्ही बारीक व्हा. तुझ्या तिन्ही जीन्स त्या दुसऱ्या पर्यायाच्या भरवशावर घेतलेल्या आहेत, हे मला त्या न काढलेल्या टॅगवरूनच कळलं.

ही एकट्या तुझी गोष्ट नाही. मागच्या आठवड्यात एक बाई आल्या, पुतणीच्या लग्नासाठी पैठणीवरचा ब्लाउज टाकायला. मी टेप लावला तशी त्यांनी श्वास रोखून पोट आत ओढलं. म्हटलं, सोडा हो श्वास. तर म्हणाल्या, "न्हाई मॅडम, दोन इंच कमीच धरा. लगीन पुढच्या महिन्यात हाय, तवर मी बारीक व्हतेच की." मी समजावलं की मापाचाच शिवते, कमी झालात तर दहा मिनिटांत आत घेऊन देते. त्यांना ते पटलं नाही. त्यांना ब्लाउज नकोच होता, त्या दोन इंच बारीक झालेल्या बाईला आधी कापडात बघायचं होतं. शेवटी त्या माझ्याच म्हणण्याला आल्या, पण चेहरा उतरला तो उतरलाच.

तो उतरलेला चेहरा मला महत्त्वाचा वाटतो, कारण बाजाराचा बराचसा हिशेब त्याच्यावर चालतो. हिगिन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1987 साली हे फार नेमकं मांडलं आहे. माणसाच्या मनात स्वतःची तीन चित्रं असतात, असं तो म्हणतो : मी आहे तशी, मला व्हावंसं वाटतं तशी, आणि मी असायलाच हवी असं मला किंवा माझ्या माणसांना वाटतं तशी. पहिलं आणि दुसरं चित्र फार लांब गेलं की माणूस खिन्न होतो. पहिलं आणि तिसरं लांब गेलं की धास्तावतो. आता दुकानदाराच्या बाजूने बघ. खिन्न किंवा धास्तावलेल्या माणसाला ते अंतर कमी करणारी कुठलीही वस्तू विकता येते. ती वस्तू ते अंतर खरंच कमी करते का, हे विकताना कोण बघतं? उलट अंतर राहिलं तर गिऱ्हाईक परत येतं.

2014 साली परदेशातल्या काही संशोधकांनी असे प्रयोग केले की, बायकांना नेहमीच्या सवयीपेक्षा मोठ्या नंबरचा कपडा बसतोय असं दिसून यावं. झालं असं की कपडा त्यांना आवडेनासा झाला, हे तर उघडच. पण मन दुखावलं तसा रूप खुलवणाऱ्या, जिथे मापाचा प्रश्नच येत नाही अशा वस्तूंकडे ओढा वाढला. हे वाचताना मला तुझी पार्सलं आठवली. जीन्स बसत नाही म्हणालीस, त्याच आठवड्यात घरच्या पत्त्यावर कानातल्यांचे दोन जोड आले, लिपस्टिक आली आणि पोट आत दाबणारा तो रबरी पट्टा आला. कानातलं छान आहे, घाल. पट्टा मी उघडून बघितला. जेवल्यावर तो घालून तासन्‌तास ऑफिसात बसलीस तर पोट दुखेल आणि आंबट ढेकर येतील, बाकी काही होणार नाही. तो परत पाठवते आहे.

पैशाचा हिशेब मी मागत नाही. तुझी कमाई आहे, तुझा खर्च आहे. आपल्या वस्तूंना माणूस आपलाच भाग समजतो, हे काही खोटं नाही; रसेल बेल्क या अभ्यासकाने 1988 साली त्यावर मोठा लेखच लिहिला. तुझे बाबा आजोबांचं घड्याळ दुरुस्त करून करून वापरतात ते काय वेळ बघायला? चाटी गल्लीत पुतणीसाठी साडी बघताना माझा सगळा शीण जातो, ते काय कापडाच्या गरजेने? पण ती हौस वेगळी आणि स्वतःवरच्या रागाने केलेली खरेदी वेगळी. हौसेने आणलेलं आपण वापरतो. रागाने आणलेलं पिशवीत पडून राहतं आणि पिशवी दिसली की पुन्हा राग येतो.

आणि दिवसभर हातात तो मोबाइल. माणूस स्वतःला जोखताना दुसऱ्याशी तुलना करतो, हे फेस्टिंगरने 1954 मध्ये सांगितलं. त्या काळात तुलना आळीतल्या चार जणींशी व्हायची, आणि त्या चार जणींची पोटं आपण नळावर, लग्नात, बाळंतपणात बघितलेली असायची. आता तुलना कुणाशी? फोटोसाठी कपडा मॉडेलच्या पाठीमागे चिमटे लावून घट्ट करतात, वर कॉम्प्युटरवर कंबर घासतात. जाहिरातीतल्या फोटोत अंगाचा आकार असा बदलला असेल तर फोटोवर तसं लिहायची सक्ती फ्रान्सने 2017 पासून केली, नॉर्वेत तसाच कायदा 2022 मध्ये लागू झाला. फिजी बेटांवरची गोष्ट तर मी माझ्या पोरींना मुद्दाम सांगते. तिथे अंगाने भरलेली बाई म्हणजे खातीपिती, चांगल्या घरची. एका भागात 1995 साली टीव्ही पोचला. ॲन बेकर या डॉक्टर संशोधिकेने तेव्हा आणि पुन्हा 1998 मध्ये शाळकरी मुलींना विचारलं. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी आधी एकही नव्हती, तीन वर्षांनी शंभरात अकरा होत्या. तीन वर्षांत त्या मुलींची अंगं काय बदलली असतील? आरसा बदलला.

माझं म्हणणं इतकंच आहे सानिका, की कपडा अंगासाठी असतो. हे मी पोटतिडकीने सांगते आहे, कारण त्याचा चांगला परिणामही मी रोज बघते. वर्गात एक मुलगी आहे, तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. कायम ओढणी त्या बाजूला घेऊन, अंग चोरून बसायची. फिटिंगच्या तासाला मी तिलाच उभं केलं, कच्ची शिलाई घातलेला कुर्ता अंगावर चढवला आणि सगळ्यांना दाखवलं की उतरत्या बाजूला खांद्याची टीप पाऊण इंच खाली घ्यायची, मुंढाही (बाही जोडतो तो गोल काप) तेवढाच खाली खोलायचा, म्हणजे छातीवर तिरकी सुरकुती पडत नाही. सुरकुती गेली. तिने दोन्ही हात वर करून बघितले, कुर्ता कुठे ओढला नाही. त्यानंतर ती ओढणी घेतेच असं नाही. खांदा होता तिथेच आहे.

तेव्हा येत्या रविवारी आंघोळ झाल्यावर, श्वास न रोखता, छाती, कंबर, सीट, खांदा आणि पायाची आतली उंची मोजून मला पाठव. टेपमध्ये एक बोट घालून मोज. मी ऑफिसला चालतील अशा दोन पँट शिवते, आत भरपूर माया ठेवून. जीन्सपैकी तिसरी तुला बसेल, ती पाठवते. उरलेल्या दोन कुणाला तरी देऊन टाकू.

आता एक काम तुझ्याकडे. काकाच्या पिंकीला बारावं लागलंय. परवा ती मला विचारत होती, मोठी आई, पंधरा दिवसांत गोरं करणारी क्रीम कुठली? तिच्या दप्तरात एक ट्यूब सापडली. बिनबिलाची, वर नीट नाव-पत्ताही नाही. फेअर अँड लव्हली 1975 साली आली, 2020 मध्ये तिने नावातला फेअर काढून ग्लो लावला. सावळी मुलगी दुःखी किंवा मागे पडलेली दाखवू नये असा जाहिरातींसाठीचा नियमही 2014 पासून आहे. तरी पोरींच्या बोलण्यातून गोरेपण गेलेलं नाही आणि ती जागा आता अशा ट्यूबांनी घेतली आहे. यांतल्या काहींत स्टिरॉइड असतं, काहींत पारा. स्टिरॉइडने आठ दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं, उन्हात आग होते. लावायचं थांबवलं की आणखी भडकतं, म्हणून पोरी पुन्हा तीच ट्यूब आणतात. अशी चौदा स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असं सरकारने 2018 मध्येच ठरवलंय. पाऱ्याने तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. केरळात मलप्पुरमच्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवलेत.

ट्यूब मी काढून घेतली आहे आणि तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. पण मी सांगितलं तर तिला ते मोठ्यांचं बोलणं वाटतं. तू तिची सानिकाताई. तुझे फोटो बघून ती केस कापून आली. मला वाटतं तिला तूच सांगितलेलं चालेल, आणि सांगताना तुलाही ते ऐकू जाईल. तिची शाळा साडेपाचला सुटते, सहानंतर फोन कर. काकूच्या नंबरवर कर, तिच्याकडे स्वतःचा मोबाइल नाही.

तुझी,
आई