वेगासला जाताय ना, मग हे वाच

प्रिय संज्या,

तुझा मेसेज आला तेव्हा फोनच करणार होतो, पण फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं म्हणून लिहायलाच बसलो. नोव्हेंबरच्या मध्यावर लास वेगास, सोबत वहिनी आणि चिऊ, आणि तू विचारतोस की आपल्याला जुगार खेळायचाच नाही तर पाच दिवस तिथे करायचं काय. अरे आम्ही आईला घेऊन एप्रिलमध्ये गेलो तेव्हा अगदी हाच प्रश्न होता, आणि चार दिवसांत एकदाही मशीनसमोर बसलो नाही तरी दिवस पुरले नाहीत.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेव. तिथली मोठी हॉटेलं अशी बांधलेली असतात की रूममधून रस्त्यावर यायचं तर बहुतेकदा कसिनोच्या मधूनच वाट असते, खिडकी नाही, घड्याळ नाही, बाहेर ऊन आहे की अंधार ते कळतच नाही, आणि माणूस नुसता बघत बघत दोन तास आतच राहतो. म्हणून सकाळी उठलात की नाश्ता करून सरळ बाहेर पडा, शहराच्याच बाहेर. २१ वर्षांखालच्या मुलांना त्या हॉलमधून जाता येतं पण थांबता येत नाही, तेव्हा चिऊला घेऊन तिथे रेंगाळू नका, कुणीतरी येऊन सांगतंच.

आता हूवर डॅम. हा सोडायचा नाही, बाकी काही सोडलं तरी चालेल. शहरापासून साधारण ५० किलोमीटर, गाडीने पाऊण तास. कोलोरॅडो नदीवर, नेवाडा (वेगास ज्यात आहे ते राज्य) आणि शेजारच्या ॲरिझोनाच्या बरोबर हद्दीवर, २२१ मीटर उंच. कठड्यावरून खाली वाकून बघितलं ना, तर भिंत खाली खाली जात राहते आणि पार तळाशी नदीची हिरवी पट्टी दिसते, मी तर दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून उभा होतो. १९३१ ला काम सुरू झालं, मंदीचे दिवस, हाताला काम नाही म्हणून देशभरातून माणसं बायकापोरांसकट त्या वाळवंटात आली. आणि काँक्रीटचं वाचून मी थक्क झालो, म्हणजे एवढं काँक्रीट एकदम ओतलं असतं तर आपोआप थंड व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली असती, म्हणून त्यांनी ठोकळे ठोकळे करून ओतलं आणि आतून ५८० मैलांहून जास्त लांबीचे एक इंची पाइप फिरवून त्यातून गार पाणी सोडलं. तुझ्यासारख्या सिव्हिलवाल्याला तिथून ओढून काढावं लागेल बघ. टूरचं तिकीट काढच, लिफ्टने खडकाच्या आत खाली नेतात आणि जनरेटर दाखवतात.

धरणाच्या पाण्यात जे मनोरे आहेत त्यांच्यावर दोन घड्याळं आहेत, एक नेवाडाची वेळ दाखवतं, एक ॲरिझोनाची. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही सारखीच होती, कारण नेवाडावाले उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात आणि ॲरिझोनावाले करत नाहीत. तुम्ही जाल तेव्हा एक तासाचा फरक असेल, तो चिऊला दाखव, तिला मजा वाटेल.

येताना बोल्डर सिटीत थांबा. हे गाव धरणावरच्या कामगारांसाठीच वसवलेलं, आणि गंमत म्हणजे नेवाडाने जुगार कायदेशीर केला तो १९३१ मध्येच, पण या गावात तो तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. कसिनोच्या राज्यात एकही कसिनो नसलेलं गाव! आम्ही तिथे एका बाकावर निवांत बसलो, आई म्हणाली इथेच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

दुसरा दिवस रेड रॉक कॅन्यनचा. स्ट्रिपवरून, म्हणजे वेगासच्या त्या मोठमोठ्या हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावरून, अर्ध्या तासात पोचता. १३ मैलांचा एकेरी रस्ता आहे, गाडीने हळूहळू जायचं, मन होईल तिथे उतरायचं. ते लाल दगड म्हणजे एकेकाळच्या वाळूच्या टेकड्या, दगड झालेल्या, आणि त्यांच्यावर जो करडा चुनखडक बसलाय तो त्यांच्यापेक्षा कितीतरी कोटी वर्षं जुना, म्हणजे जुना वर आणि नवा खाली, जमिनीच्या दाबाने अख्खा थर सरकून वर चढलाय. खालून बघितलं तरी दोन रंगांमधली ती रेघ स्पष्ट दिसते. पण संज्या, ऑक्टोबर ते मे तिथे वेळेचं बुकिंग लागतं, ते मी केलं नव्हतं आणि आम्हाला गेटवरून परत यावं लागलं, आईचा चेहरा एवढासा झाला होता, मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशीचं मिळालं म्हणून बरं. तू आजच करून टाक. आणि साडेचारलाच सूर्य मावळेल, म्हणून सकाळची वेळ घे.

संध्याकाळी निऑन म्युझियम, उजेड असतानाचं नाही, अंधार पडल्यावरचं तिकीट घ्या. पाडलेल्या, बंद पडलेल्या हॉटेलांचे बोर्ड एका मोकळ्या आवारात मांडून ठेवलेत, काही दुरुस्त करून पेटवलेले, काही तसेच, रंगाचे पोपडे निघालेले, बल्बच्या रिकाम्या खोबणी गंजलेल्या. मी मूलाँ रूजच्या बोर्डापाशी बराच वेळ थांबलो. ते १९५५ चं हॉटेल, वेगासमधलं पहिलं जिथे काळे-गोरे एकत्र राहू-खेळू शकत होते. त्याआधी काळे कलाकार स्ट्रिपवर गाऊन टाळ्या घ्यायचे आणि झोपायला त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागायचं. सहा महिन्यांत ते बंद पडलं रे. त्याची अक्षरं बेटी विलिस नावाच्या बाईने काढलेली, शहरात शिरताना जो प्रसिद्ध वेलकमचा बोर्ड आहे ना, १९५९ चा, तोही तिचाच, आणि त्याचा हक्क तिने कधी स्वतःच्या नावावर केला नाही.

स्ट्रिप रात्री एकदा चाला. बेलाजिओ हॉटेलची कारंजी फुकट आहेत, हजाराहून जास्त तोंडं, गाण्याबरोबर नाचतात, आत लॉबीच्या छताला चिहुली नावाच्या काच-कलाकाराने केलेली काचेची फुलं, सुमारे २०००, आणि पुढे ऋतूप्रमाणे बदलणारी बाग, तीही फुकट. फक्त एक लक्षात ठेव, समोरचं हॉटेल जवळ दिसतं पण इमारतीच इतक्या अवाढव्य आहेत की अर्धा तास चाललो तरी येत नाही, मध्ये पादचारी पूल आणि जिने. वहिनींना चांगले बूट घालायला सांग. आणि हॉटेलचं बुकिंग करताना रिसॉर्ट फी, म्हणजे भाड्याशिवाय हॉटेल वर घेतं ते शुल्क, धरून एकूण किती होतात ते बघ, ती रोजच्या रोज लागते.

आणि हो, धरणावर नेवाडाच्या बाजूला पंखवाले दोन ब्राँझचे पुतळे आहेत, तीस-तीस फुटी. त्यांच्या पायाला हात लावला की नशीब उजळतं म्हणतात, सगळा पुतळा काळपट हिरवा पण पायाची बोटं हात लागून लागून सोन्यासारखी चकाकतात. आईने दोन्ही हात लावले होते. चिऊचा हात नाही पोचला तर उचलून घे तिला, आणि फोटो पाठव, आई रोज विचारतेय तुम्ही कधी निघताय म्हणून.

तुझा,
बाळ्या